तलवार शिकवणाऱ्यांसाठी जपानची प्रमाण पुस्तिका: घ्यावी का, आणि कशासाठी?

ऑल जपान केंडो फेडरेशनची ‘झेन निप्पोन केंडो रेनमेई इआई’ ही पुस्तिका पहिल्यांदा चाळणाऱ्याचा जरा हिरमोडच होतो. सामुराईंच्या गोष्टी नाहीत, तलवारीचं गुणगान नाही. समोरचा कुठे बसलाय, पाऊल कुठे टाकायचं, टोक कुठे थांबलं पाहिजे आणि परीक्षक काय बघणार, एवढंच. तेही पंचनाम्याच्या भाषेत. म्यानातून तलवार उपसणं, वार करणं आणि ती परत म्यान करणं ही इआइदोची, म्हणजेच थोडक्यात इआईची, कला, आणि तिचं हे प्रमाण पुस्तक. जपानीत आहे, इंग्रजीतही आहे. आपल्याकडे मर्दानी खेळाचे वर्ग घेणारे आणि आपल्या आखाड्याचा अभ्यासक्रम कागदावर आणू पाहणारे अशा तयार नमुन्याच्या शोधात असतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगून टाकू. प्रमाण कसं लिहावं हे शिकायला पाचपैकी पाच. शिकवावं कसं, यासाठी पाचपैकी दोन, तेही सढळ हाताने. ही दोन कामं वेगळी आहेत आणि पुस्तिका त्यातलं पहिलंच करते. हे माहीत नसताना ती विकत घेतली की शिव्या पुस्तिकेला पडतात.

पुस्तिका कशासाठी जन्माला आली हे कळलं की तिचा कोरडेपणा समजतो. केंडो ही जपानी तलवारबाजी, पण तिचा खेळाडू शिनाई नावाच्या बांबूच्या तलवारीने खेळतो. धार कुठल्या बाजूला आहे, म्यान कशी हाताळायची, याच्याशी त्याचा रोजचा संबंध नसतो. दुसरीकडे इआईची जुनी घराणी अनेक, आणि एकाच क्रियेच्या प्रत्येकाच्या पद्धती निराळ्या. मग एका घराण्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या घराण्याच्या परीक्षकाने कशावर जोखायचं? म्हणून फेडरेशनने १९६९ मध्ये सात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, ठरवल्या, १९८० मध्ये तीन वाढवल्या, २००० मध्ये आणखी दोन. आज एकूण बारा. घराणी मोडीत काढायचा हेतू नव्हता. वरच्या श्रेणींच्या परीक्षांत आणि स्पर्धांत घराण्याच्या कातांना आजही जागा आहे. जपानमध्ये याला आधीचं उदाहरणही होतं. दाइ निप्पोन बुतोकुकाई या युद्धकलांच्या जुन्या संस्थेने १९१२ मध्ये घराण्याघराण्यांतले उस्ताद एकत्र बसवून निहोन केंडो काता ठरवली होती: सात मोठ्या तलवारीच्या, तीन छोट्या तलवारीच्या.

आता पुस्तिकेची मांडणी. प्रत्येक कातेच्या सुरुवातीला दोन-तीन ओळींत प्रसंग येतो: समोरचे किती, कुठे, काय करू पाहतायत. मग क्रमाने हालचाली, फोटो, सूचना. आणि या सगळ्यापासून वेगळी अशी परीक्षकांनी काय बघायचं याची यादी. पुस्तिकेची खरी किंमत या यादीत आहे.

पहिली काता ‘माए’ घेऊ. वज्रासनात बसलेलो आहोत, समोर तसाच एक जण. त्याचा वार करायचा इरादा ओळखून आपण आधी उपसायची. दोन्ही हात तलवारीवर नेत कंबर उचलायची, पायाची बोटं जमिनीला रोवायची, उजवं पाऊल पुढे टाकता टाकता त्याच्या कानशिलावर आडवा वार. मग डावा गुडघा पुढे ओढत तलवार डोक्यावर, डावा हात मुठीवर, आणि थेट माथ्यावरून खाली. त्यानंतर रक्त झटकण्याची क्रिया, म्हणजे चिबुरी; उठणं, पाय बदलणं, आणि उजवा गुडघा टेकवत म्यान करणं. या कातेसाठी परीक्षकाला दिलेले मुद्दे सहाच. म्यान पुरेशी मागे ओढली का? तलवार डोक्यावर नेताना डाव्या कानाजवळून मागे भोसकल्यासारखी गेली का? डोक्यावर असताना टोक आडव्या रेषेच्या खाली न जाता वार लगेच सुटला का? खाली थांबताना टोक आडव्या रेषेपेक्षा किंचितच खाली आहे का? चिबुरीची ठेवण बरोबर आहे का? म्यान करणं बरोबर आहे का?

सहा प्रश्न, पण शिकवणाऱ्याला बहुतेक सगळ्या चुका त्यांतच सापडतात. पहिलाच बघा. नवख्याचा आडवा वार समोर थांबत नाही, टोक उजवीकडे वाहवत जातं आणि उजवा खांदा पुढे येतो. बघणाऱ्याला चूक उजव्या हातात दिसते, दुखणं मात्र डाव्या हातात असतं. सव्वादोन-अडीच फुटांचं पातं एकट्या उजव्या हाताने बाहेर निघत नाही. डाव्या हाताने म्यान कमरेलगत मागे खेचली तरच टोक वेळेवर सुटतं. म्यान जागेवर राहिली की उजवा हात लांब जातो, अंग पिळतं आणि उरलेलं टोक झटक्याने निघून भरकटतं. शिवाय अशा उपसण्यात धार म्यानेच्या आतल्या बाजूवर घासते. महिनोन्महिने असं चाललं की म्यान धारेच्या बाजूने चिरते, आणि हातात खरी धारदार तलवार असेल तर म्यानेच्या तोंडाशी असलेल्या डाव्या हाताच्या बोटांची खैर नाही. पुस्तिका हे सगळं स्पष्ट करून सांगत नाही. तिने फक्त हा मुद्दा पहिला ठेवलाय.

डोक्यावरच्या टोकाचंही असंच. टोक पाठीवर लोंबलं की ते आधी वर आणावं लागतं, तेवढ्यात वेळ जातो आणि वार खांद्याच्या जोरावर येतो. ‘डोक्यावर घ्या’ एवढंच लिहिलं असतं तर ही चूक परीक्षेत पकडता आली नसती. आडवी रेषा नेमून दिल्यामुळे ती बाजूने उभं राहून कुणालाही दिसते.

आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे मापं. पुस्तिका सेंटिमीटरच्या फंदात फारशी पडत नाही, ती शरीरावरच्या खुणांनी मोजते. ‘उके नागाशी’त डावीकडून आलेला वार झेलून घसरवायचा आणि उलट वार करायचा, त्या वाराच्या शेवटी डावी मूठ बेंबीसमोर थांबलेली हवी. ‘त्सुका आते’त मुठीच्या टोकाचा ठोसा नेमका पोटाच्या खळगीत बसला पाहिजे आणि मागच्याला भोसकताना म्यानेचं तोंड धरलेला डावा हात बेंबीसमोर आवळून आणलेला हवा. ‘केसा गिरी’त खालून तिरका वार वर गेल्यावर उजवी मूठ उजव्या खांद्याच्या वर. ‘गानमेन आते’त ठोसा दोन डोळ्यांच्या मध्ये. ‘सोएते झुकी’त भोसकल्यावर उजवी मूठ बेंबीसमोर, आणि नंतर सावध उभं राहताना ती उजव्या छातीपेक्षा उंच नको. बारा वर्षांची मुलगी असो की सहा फुटी हवालदार, बेंबी, खांदा आणि कानशील ज्याचं त्याच्यापाशी असतं. मापपट्टी लागत नाही आणि हुज्जतही होत नाही. आपल्याकडच्या हस्तलिखित अभ्यासक्रमांत ‘हात सरळ’, ‘योग्य उंचीवर’ असले शब्द दिसतात. योग्य म्हणजे किती, हे प्रत्येक प्रशिक्षक आपापलं ठरवतो, आणि दोन वर्षांत एकाच आखाड्याचे दोन आखाडे होतात.

प्रसंग आधी लिहिण्याचाही फायदा मोठा आहे. ‘उशिरो’ ही दुसरी काता वरवर पाहता ‘माए’च, फक्त समोरचा पाठीमागे बसलेला. उजव्या गुडघ्यावर डावीकडून वळायचं आणि तोच आडवा वार करायचा. पण परीक्षकाला इथे सांगितलंय की डावं पाऊल किंचित डावीकडे पडलं का आणि वार नेमका कानशिलावर आला का, ते बघा. कारण सरळ आहे. वळल्यावर पाऊल आणि गुडघा एकाच रेषेत आले की बूड डळमळतं आणि पातं माणसाच्या बाजूने निघून जातं. माणूस कुठे बसलाय हे आधी लिहिलेलं असल्यामुळे ‘पाऊल डावीकडे का?’ याचं उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच सापडतं.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: एक ते बारा हा क्रम शिकवण्याचा क्रम नाही. बैठ्या काता आधी, एका गुडघ्यावरची मध्ये, उभ्या नंतर, अशी ही वर्गवारी आहे. त्यात शेवटच्या पाच तर जसजशा ठरल्या तसतशा मागे जोडल्या गेल्या. अकरावी ‘सो गिरी’ घ्या. पुढे सरकत पाच वार: समोरच्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू, डावा खांदा, उजवी बरगडी, डाव्या कमरेवर आडवा, आणि शेवटी सरळ माथ्यावरून. उपसणं बाजूला ठेवून, लाकडी तलवारीने, नुसते हे पाच वार नवख्याला पहिल्या महिन्यात देता येतात. वाराच्या पाच उंच्या आणि सरकतं पाऊल एका दमात शिकवणारी याहून सोपी गोष्ट बारांत नाही. उलट पाचवी ‘केसा गिरी’ क्रमाने लवकर येते, पण तिच्यात म्यान फिरवून धार खाली करावी लागते आणि तलवार खालून वर उपसायची असते. म्यान मागे ओढण्याची सवय हाडात मुरायच्या आधी हे शिकवणं म्हणजे म्यानेचा आणि बोटांचा, दोघांचाही घात.

शिकवणाऱ्यांनी क्रम स्वतः लावावा. आमची शिफारस अशी: पहिले चार आठवडे लाकडी तलवार, दर वर्गाला उभ्याने सरळ वार ५० ते १००, पण दहा-दहाच्या खेपांत, म्हणजे थकव्याने खांदे वर चढायच्या आत विश्रांती मिळते. सोबत सो गिरीचे पाच वार. पाचव्या आठवड्यापासून प्लास्टिकची म्यान असलेली लाकडी तलवार घेऊन उभ्याने नुसतं उपसणं आणि म्यान करणं. मग ‘माए’, तीही दोन तुकड्यांत: आडव्या वारापर्यंत एक, पुढचं दुसरं. ‘उशिरो’ला जाण्याआधी तलवारीशिवाय गुडघ्यावर वळण्याचा सराव. चौघांशी लढायची ‘शिहो गिरी’ सगळ्यात शेवटी. तिच्यात दिशा इतक्या बदलतात की आधीच्या चुका एकत्र जमून बाहेर येतात.

बसण्याबद्दल एक सांगायला हवं. आपल्या लोकांना वज्रासन जड जात नाही, चवथ्या कातेतली एका गुडघ्यावरची बैठक जाते. डावा पाय मुडपून त्यावर बसायचं आणि उजवा गुडघा उभा. घोट्यावर भार येतो. चाळिशीपुढच्या विद्यार्थ्यांना ही काता उभ्या कातांनंतर द्यावी आणि एका वर्गात पाच-सहा वेळांपेक्षा जास्त करून घेऊ नये. पुस्तिकेत असं काहीच नाही. किती वेळा करायचं, किती आठवडे, आधी काय यायला हवं, याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरी तक्रार: परीक्षकाचे मुद्दे बहुतेक थांबण्याच्या जागांबद्दल आहेत. थांबलेली गोष्ट दिसते, म्हणून तिला गुण देता येतात. पण वार जाताना पातं आपल्या रेषेत सरळ जातंय की तिरकं, कुठे संथ, कुठे वेगात, हे कागदावर आणणं अवघड आणि पुस्तिकेने ते जवळजवळ सोडूनच दिलंय. फोटोंतून ते कळत नाही. चुकीचा फोटो शेजारी ठेवून फरक दाखवला असता तरी पुष्कळ काम झालं असतं. परिणाम परीक्षेत दिसतो. नमस्कारापासून सहा मिनिटांत पाच काता करायच्या असतात, आणि पुस्तकी तयारी करून आलेला उमेदवार एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत जातो. सगळ्या मुठी बरोबर बेंबीसमोर, आणि समोर कुणी माणूस असल्याची खूण नाही.

तिसरी: जोडीदार नाही. इआई एकट्याने करायची कला असल्यामुळे हे समजण्यासारखं आहे, पण अंतराचं भान एकट्याने येत नाही. त्यासाठी याच फेडरेशनचा २००३ चा संच बघावा, लाकडी तलवारीने केंडोच्या मूळ डावांचा सराव करण्याचा. तो खरोखर शिकवण्यासाठी लिहिलाय. नऊ धडे, सगळे मधल्या पवित्र्यातून, चढत्या क्रमाने. पहिल्यात चार साधे प्रहार: डोकं, मनगट, बरगडी, गळा. दुसऱ्यात मनगट आणि डोकं सलग. मग समोरची तलवार झटकून मारणं, मागे हटत मारणं, चुकवून मारणं, आणि नवव्यात बरगडीवर येणारा वार खाली पाडून डोक्यावर प्रहार. शिकणाऱ्याइतकीच शिकवणाऱ्याची बाजूही लिहिलेली आहे: जागा केव्हा आणि कशी मोकळी करून द्यायची. नवशिक्यांच्या वर्गात निम्म्या चुका जोडीदाराने उशिरा किंवा अर्धवट जागा दिल्याने होतात, त्यामुळे हे सोनं आहे. इआईच्या पुस्तिकेपेक्षा वर्ग चालवायला हा संच कितीतरी जास्त उपयोगी. शिकवायचा क्रम कसा लिहावा, याचा नमुना तिथे आहे.

आता आपल्या आखाड्याकडे. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, तेव्हा त्याचा प्रमाण अभ्यासक्रम कधी ना कधी लिहावा लागणारच. या पुस्तिकेतून थेट उचलण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: आधी प्रसंग लिहायचा, मापं अंगावरच्या खुणांनी द्यायची, आणि परीक्षकाचा कागद वेगळा पण सगळ्यांना उघड ठेवायचा. आपल्या तलवारीला हे तिन्ही जसेच्या तसे लागू पडतात. वारांना नावं द्यायची की आकडे, हा प्रश्न मात्र पुस्तिका सोडवत नाही. ब्रिटिश घोडदळाच्या १७९६ च्या नियमावलीत सहा वारांना सरळ आकडे दिले होते, कारण शेकडो नवख्यांना एका हुकमावर हलवायचं होतं. आपल्याकडे तमाचा, बाहेरा, शीर ही नावं आहेत आणि ती ठेवावीत, पण प्रत्येक नावापुढे पातं कुठून निघतं आणि शरीरावर कुठे येतं हे लिहिल्याशिवाय ते नाव प्रमाण होत नाही.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र नक्कल करू नये. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि आतली आडवी दांडी मुठीत धरलेली असते. मनगट बांधलेलं, पातं लांब आणि लवचिक. त्यामुळे वार कोपर, खांदा आणि कमरेतून येतो आणि एक फेक संपते तिथून दुसरी सुरू होते. इआईसारखं ‘टोक कुठे थांबलं’ हे विचारलं तर पट्टा मधेच अडवावा लागेल, म्हणजे शिकवणच उलटी. इथे परीक्षकाचे प्रश्न मार्गाबद्दल हवेत: फेक स्वतःच्या गुडघ्यापासून किती लांबून गेली, वळताना पुढचं पाऊल पात्याच्या वर्तुळात आलं का, कमर आधी फिरली की हात, दोन फेकींच्या मधे पातं लोंबलं का. असे प्रश्न या पुस्तिकेत सापडणार नाहीत, ते पट्टा फिरवणाऱ्या वस्तादांबरोबर बसूनच काढावे लागतील.

पुस्तिका घेऊन लगेच सुरुवात करणाऱ्यांसाठी तिच्यात न सापडणाऱ्या दोन गोष्टी. सरावाची बिनधारेची तलवार, इआइतो, साधारण ७०० ते १००० ग्रॅमची असते आणि पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला पातं सुमारे ७४ सेंटिमीटरचं बसतं. फार लांब घेतली की म्यान कितीही ओढली तरी टोक अडकतं. आणि दर वर्गाआधी मुठीतली मेकुगी, म्हणजे पातं मुठीत धरून ठेवणारी बांबूची खुंटी, अंगठ्याने दाबून बघायची. ती सैल असेल तर त्या दिवशी ती तलवार भिंतीला. दोन विद्यार्थ्यांत सगळ्या बाजूंनी किमान तीन मीटर.

कुणी घ्यावी? ज्याला आधीच कुणाकडून तरी इआई शिकायला मिळतेय आणि परीक्षेला बसायचंय, त्याने नक्की. अभ्यासक्रम लिहायला बसलेल्या वस्तादाने, इंग्रजी वाचणारा शिष्य सोबतीला असेल तर, जरूर. घरी एकट्याने शिकू म्हणणाऱ्याने पैसे वाचवावेत. जपानी संज्ञांचा मारा इतका आहे की पाचव्या पानावर पुस्तक मिटतं, आणि म्यान मागे ओढली जात नाहीये हे सांगायला समोर कुणी नसतं.

घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. मजकुरात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत आणि परीक्षक चालू आवृत्तीप्रमाणे बघतात. जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल तर आधी काता मोजा. दहाच असतील तर ती २००० च्या आधीची, सातच असतील तर १९८० च्याही आधीची. अभ्यासक्रम कसा वाढत गेला हे बघायला ती छान आहे, परीक्षेला चालणार नाही.